पेटीवरचं नाव नको, आतल्या चिपचा नंबर सांगा

निपाणीचे भाऊ विचारतात: विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले, जुना लॅपटॉप ११ घेत नाही, म्हणून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) टाकलं, आता वायफाय दिसत नाही आणि झेरॉक्सच्या दुकानातला लेझर प्रिंटर गप्प बसलाय.

भाऊ, लॅपटॉप कुठल्या कंपनीचा यावरून काही कळत नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'एलएसपीसीआय -एनएन' (lspci -nn) चालवा, आतल्या चिपांची यादी येईल. नेटवर्कच्या ओळीत शेवटी चौकटी कंसात चार-चार अक्षरांची जोडी येते, ती इथं टाका. तोवर मोबाईल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग करा, नेट मिळेल. चिप ब्रॉडकॉमची निघाली तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्येच ड्रायव्हरची (चिप चालवणाऱ्या प्रोग्रामची) सोय होते. टाकूनही चालेना तर बायोसमधलं सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) चालू आहे का बघा. डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा तुकडा, ते आत घेत नाही.

घाईनं वायफायचा यूएसबी डोंगल मात्र आणू नका. मी खडेबाजारात एक घेतला, लावताच चालला. महिन्यानं मित्रासाठी तोच आणला, डबा तोच, नाव तेच. मिंटला तो चक्क सीडी ड्राइव्ह वाटला! आत विंडोजच्या ड्रायव्हरची खोटी सीडी. ती इजेक्ट केल्यावर 'एलएसयूएसबी'त (lsusb, यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी) नंबर बदलला आणि खरी चिप दिसली, ती पहिल्यातली नव्हतीच. दुकानदार म्हणतो, "दोन्ही एकच की ओ!" ड्रायव्हर बाहेरून आणून कंपाइल केला (मूळ कोडवरून तयार केला), पण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला की परत तेच. दोनदा केलं, तिसऱ्यांदा माझा डोंगल मित्राला देऊन टाकला.

प्रिंटर एचपी लेझरजेट १०२० सारखा असेल तर गोम वेगळी. त्याच्या पोटात फर्मवेअर (प्रिंटरचा स्वतःचा प्रोग्राम) टिकत नाही, चालू केला की दर वेळी कॉम्प्युटरनं पाठवायचं. त्याला एचपीलिपचं (लिनक्ससाठीच्या एचपीच्या प्रिंटर सॉफ्टवेअरचं) प्लगइन लागतं आणि एचपीलिप व प्लगइन दोघांची आवृत्ती जुळावी लागते. त्यामुळे आज चालू केलात तरी पुढच्या अपडेटनंतर अडेल. तेव्हा टर्मिनलमध्ये 'एचपी-प्लगइन' (hp-plugin) पुन्हा चालवायचं, बाकी काही उपटायचं नाही.

"दोष लिनक्सचा नाही, कंपन्या ड्रायव्हर देत नाहीत," असं आपली लिनक्सवाली मंडळी लगेच सुनावतात. खरं आहे. पण उताऱ्याची प्रिंट मागायला दारात चार जण उभे असताना तुम्ही ते कुणाला सांगणार? विंडोजची जुनी डिस्क असेल तर तूर्त पुसू नका.

टायपिंगची मात्र काळजी नको. इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीवर) मराठी 'क'ची कळ तीच कन्नड 'क'ची, लग्नपत्रिका आणि कन्नड अर्ज एकाच हातानं होतात.

चिपचा नंबर टाका, प्रिंटरच्या मागच्या पट्टीवरचं मॉडेलही. रात्री जेवून बघतो.