सामाजिक बांधिलकी, उत्तरदायित्व की दायित्व?

कंपन्यांच्या ‘सीएसआर’साठी (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे कंपन्यांनी समाजोपयोगी कामांवर करायचा खर्च) सामाजिक बांधिलकी, सामाजिक जबाबदारी, सामाजिक उत्तरदायित्व आणि सामाजिक दायित्व असे चार पर्याय छापून येतात, त्यांतला नेमका कोणता वापरावा, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

बांधिलकी कोणी लादत नाही, ती आपण होऊन स्वीकारलेली असते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर कारखान्याबरोबर कामगारांची वस्तीही उभी केली, तेव्हा तसे करण्याची सक्ती करणारा कायदा नव्हता. तिथे हा शब्द शोभतो. (केवळ आपल्याच कामगारांसाठी बांधलेली घरे आजच्या नियमांनुसार सीएसआरमध्ये धरलीच जात नाहीत, ही त्यातली गंमत.)

कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले आणि विशिष्ट मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी, म्हणजे उदाहरणार्थ ज्यांचा वार्षिक निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा अधिक आहे त्यांनी, मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावी, असे ठरले. मात्र रक्कम खर्च झाली नाही, तर संचालक मंडळाने अहवालात त्याची कारणे द्यावीत, एवढ्यावरच तेव्हा भागत असे. उत्तरदायी म्हणजे उत्तर देणारा. त्या व्यवस्थेला ‘उत्तरदायित्व’ हा शब्द अक्षरशः लागू पडत होता.

२२ जानेवारी २०२१ पासून कायद्यातल्या दुरुस्तीमुळे चित्र बदलले. न खर्चलेली रक्कम, चालू प्रकल्पाची असल्यास स्वतंत्र बँक खात्यात आणि अन्यथा कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या एखाद्या निधीत, ठरलेल्या मुदतीत भरावीच लागते. न भरल्यास दंड होतो. आता नुसते उत्तर पुरत नाही, देणे फेडावे लागते, आणि ताळेबंदात मत्तेसमोर ‘दायित्वे’ (म्हणजे देणी) लिहिणाऱ्या मराठीत या अर्थाचा शब्द तयारच आहे. म्हणून कायदेशीर खर्चाविषयी लिहिताना मी ‘सामाजिक दायित्व’ हाच पर्याय निवडेन. ‘जबाबदारी’ चूक नाही, पण ती फार ऐसपैस आहे.

खरी चूक ‘देणगी’ या शब्दाची होते, कारण देणगी ऐच्छिक असते. गावच्या शाळेला या निधीतून संगणक मिळाले, तर ‘कंपनीने देणगी दिली’ असे न लिहिता ‘कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून संगणक मिळाले’ असे लिहावे. बातमीत ‘सीएसआर निधीतून’ म्हटले तरी चालेल.