अमेरिकेतल्या स्वस्त चायनीज टेकआउटमध्ये आपल्या गाडीवरच्यासारखं चायनीज मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये एमएस करायला न्यू जर्सीला चाललाय, अंडं चालतं पण मांस-मासे नाही, आणि गाडीवरच्या ट्रिपल शेजवानवर तुमचा भारी जीव आहे. मग आधीच सांगून टाकतो: नाही मिळत. मंचुरियन नाही, हक्का नूडल्स नाहीत, आपला लालभडक शेजवान राइस तर नाहीच.

मला हे काउंटरवर उभं राहून कळलं. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ राहत होतो. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या टेकआउटमध्ये शिरलो आणि मेन्यू न बघता ‘व्हेज मंचुरियन’ मागितलं. काउंटरमागच्या बाईंनी तीनदा ‘व्हॉट?’ विचारलं, मी तीनदा तेच म्हटलं, दर वेळी जरा मोठ्याने. शेवटी त्यांनी मेन्यूचा कागद पुढे सरकवला आणि त्यावर बोटाने टकटक केलं. म्हणजे नंबर बोल. मंचुरियन आपल्या मुंबईचं. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं, असं सांगतात. मंचुरियातसुद्धा ते कुणाला ठाऊक नाही, तर त्या बाईंना कुठून असणार!

दुकान कसं असतं ते सांगतो, म्हणजे गेल्यावर दचकायला नको. पुढे चार माणसं उभी राहतील एवढी जागा. दोन टेबलं, तीही भिंतीला चिकटवलेली, कारण तिथे बसून खाणं अपेक्षितच नाही. काउंटरवर जाड पारदर्शक प्लास्टिकची भिंत आणि पैसे-पिशवी सरकवायला एक खिडकी. वर पदार्थांचे फोटो, मागे ट्यूबलाइट. ते इतकी वर्षं उजेडात आहेत की ब्रोकोली निळी पडलेली असते. हात हलवणारी सोनेरी मांजर. आणि आतून येणारा आवाज मात्र ओळखीचा: भट्टीची घरघर आणि लोखंडी कढईवर पळी आपटल्याची टणटण. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून मला डोंबिवली स्टेशनच आठवलं होतं. चव नंतर वेगळी निघाली.

चव गोड असते. सोया सॉस, व्हिनेगर, साखर आणि कॉर्नफ्लॉवरचा दाट चिकट पाक. तिथला सगळ्यांत लाडका पदार्थ म्हणजे ‘जनरल त्सोज् चिकन’. हा जनरल खरा होता, चीनच्या छिंग राजवटीच्या काळातला, हुनान प्रांतातला सेनापती, पण त्याने हे चिकन बापजन्मी खाल्लं नसेल. पंग चांग-क्वे नावाच्या आचाऱ्याने ते १९५० च्या दशकात तैवानमध्ये केलं, आणि तेव्हा ते गोड नव्हतं. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये पोचल्यावर त्यात साखर पडली. शेवटी फुकट मिळणारी ती दुमडलेली ‘फॉर्च्युन कुकी’सुद्धा मुळात जपानची. म्हणजे आपलं चायनीज जितकं चिनी, तितकंच हेही. आपल्याकडे आलं-लसूण-मिरची शिरली, तिकडे साखर. एकदा हे मनात पक्कं केलं की मग ते बरं लागायला लागतं. मला तरी दोन महिने गेले.

इतकी दुकानं आणि सगळी एकाच साच्यातली का, असं तुम्हालाही वाटेल. त्यामागे एक कायदा आहे. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना देशाची दारं बंद केली; व्यापाऱ्यांना मात्र येता-जाता येई. १९१५ मध्ये एका न्यायालयाने उपाहारगृहाचा मालकही व्यापारीच ठरवला. झालं, नातेवाइकांनी वर्गणी काढून हॉटेलं टाकायची, आळीपाळीने ‘मालक’ व्हायचं आणि गावाकडच्यांना आणायचं, असा रस्ता सापडला. कायदा १९४३ मध्ये गेला, धंदा राहिला. आज या छोट्या टेकआउटवाल्यांत फुजियान प्रांतातले, फूजौच्या आसपासचे लोक खूप आहेत. मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये ईस्ट ब्रॉडवेवर त्यांना काम मिळवून देणारी दलालांची ऑफिसं आहेत. तिथून बसने कुठल्या तरी अनोळखी गावच्या स्वयंपाकघरात. आपल्याकडच्या गाड्यांवर कढई मारणारी नेपाळी पोरं आठवतात ना, तसंच काहीसं.

आता तुमचा खरा प्रश्न, शाकाहाराचा. इथे सावध राहा, कारण ‘व्हेजिटेबल’ या शब्दाचा तिथला अर्थ ‘यात भाजी आहे’ एवढाच. ‘एग रोल’मध्ये बहुतेक वेळा डुकराचे बारीक तुकडे असतात. ‘स्प्रिंग रोल’ कोबीचा असू शकतो, पण विचारून घ्या. हॉट अँड सावर सूपमध्येही डुकराच्या मांसाच्या बारीक पट्ट्या सापडतात; आपल्या हॉटेलातल्या व्हेज हॉट अँड सावरच्या भरवशावर मागवू नका. ‘कॉम्बिनेशन प्लेट’बरोबर न सांगता ‘पोर्क फ्राइड राइस’ येतो, तेव्हा ‘व्हाइट राइस’ किंवा ‘व्हेजिटेबल फ्राइड राइस’ असं आधीच बदलून घ्यायचं. आणि तो तपकिरी सॉस: त्यात चिकनचं पाणी किंवा ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा अर्क, असण्याची दाट शक्यता. कढई आणि तळणाचं तेल सगळ्यांना एकच. हे मी आमच्या आजीला कधीच सांगितलं नाही.

हेही चालत नसेल तर मेन्यूच्या कोपऱ्यात ‘डाएट’ नावाचा विभाग असतो. वाफवलेल्या भाज्या, वाफवलेलं टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, सॉस वेगळ्या वाटीत. बेचव, पण बिनधोक. एवढं काटेकोर नसाल तर ‘ब्रोकोली विथ गार्लिक सॉस’ घ्या. मेन्यूवर त्यापुढे लाल खूण असते, म्हणजे ‘तिखट’. आपल्या जिभेला ते तिखट अजिबात नाही. ‘एक्स्ट्रा स्पायसी’ म्हटलंत की सुक्या लाल मिरच्या अख्ख्या टाकून देतात, त्या बाजूला काढून ठेवायच्या. टोफू तळून त्याच सॉसमध्ये मागितलं तर पनीर चिलीची तहान ताकावर भागते. ‘व्हेजिटेबल लो मेन’ माझं आवडतं: जाड, मऊ, तेलकट नूडल्स, रात्री दोनला थंडगार खाल्ले तरी छान. ‘एग फू यंग’ हे जाडजूड ऑम्लेट. ते ‘व्हेजिटेबल’ मागा आणि वरची ग्रेव्ही घेऊ नका.

पैशाचं म्हणाल तर दुपारी अकरा ते तीनचा ‘लंच स्पेशल’ हा विद्यार्थ्यांचा तारणहार. रविवारी बहुधा नसतो. मी होतो तेव्हा, २०१४ मध्ये, साडेसहा डॉलरला भात, भाजी आणि वर सूप किंवा कोल्ड्रिंकचा कॅन मिळायचा. आता अर्थातच जास्त पडतील. पण एक डबा म्हणजे दोन जेवणं, हा हिशेब बदललेला नसावा. मेन्यूवर ‘पीटी’ आणि ‘क्यूटी’ असे दोन भाव दिसतील, म्हणजे पाइंट आणि क्वार्ट, छोटा आणि मोठा. मोठाच घ्या, आणि त्याचा प्लास्टिकचा डबा फेकू नका. आमच्या फ्रीजमध्ये आमटीपासून इडलीच्या पिठापर्यंत सगळं त्याच डब्यांत असायचं. भात मात्र बऱ्याचदा तारेच्या कडीच्या पांढऱ्या कागदी खोक्यात येतो. ते खोकं मूळचं कालवं न्यायला केलेलं, १८९४ चं पेटंट आहे त्याचं. एकाच कागदाच्या घड्या असतात, उलगडलं की ताटली होते. माझ्या रूममेटने हे मला दाखवलं तेव्हा मला तिथे राहून वर्ष झालं होतं!

ऑर्डर दिली की बाई ‘टेन मिनिट’ म्हणतात. एक डबा असो की आठ माणसांचं जेवण, टेन मिनिटच. त्या दहा मिनिटांत काउंटरच्या टोकाला बसून त्यांचा मुलगा गणितं सोडवत असायचा आणि फोन वाजला की पेन्सिल न ठेवता ऑर्डरही घ्यायचा. दुसऱ्या वर्षी मी आत शिरलो की त्या मला न विचारताच ‘नो मीट’ ओरडायच्या. तिथे माझं तेच नाव होतं.

गाडीची फारच आठवण आली तर जर्सी सिटीतच न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर इंडिया स्क्वेअरला किंवा एडिसनच्या ओक ट्री रोडला जा. तिथल्या भारतीय हॉटेलांत मंचुरियन मिळतं, भाव मात्र हॉटेलाचाच. आमचा उपाय स्वस्तातला होता: घरून नेलेली शेजवान चटणी लो मेनमध्ये कालवायची. तुम्हीही न्या. चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ठेवलीत तर विमानतळावर काढून घेतील. आणि झाकणाला चिकटपट्टी लावून दोन पिशव्यांत बांधा. मी एकाच पिशवीत बांधली होती, आणि खाली इंटरव्ह्यूचा पांढरा शर्ट होता.