सेनुफो पक्षी अशुभ नाहीये, आधी त्याची चोच कुठे टेकलीय ते बघा

तुम्ही विचारलंय की मामा आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजान शहरातून येताना लाकडाचा मोठा पक्षी घेऊन आले, लांब चोच वाकून थेट पोटाला टेकलेली, आणि आजी म्हणतायत हे गिधाड आहे, घरात नको. आधी आजींना सांगा की काळजी करू नका. ज्यांचा हा पक्षी आहे त्या सेनुफो लोकांकडे तो आईच्या आणि मूळ पूर्वजाच्या जागी आहे.

सेनुफो म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टचा उत्तर भाग, त्याला लागून माली आणि बुर्किना फासो, तिथले शेतीवर जगणारे लोक. पक्षी नेमका कोणता यावर अभ्यासकांचं एकमत नाही, कोणी गिधाड म्हणतं, कोणी कावळा, कोणी गरुड, पण सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते हॉर्नबिलचं म्हणजे आपल्या धनेशाचं, कारण सेनुफोंच्या सृष्टीच्या कथेत जगात सगळ्यात आधी आलेले जे पाच प्राणी आहेत त्यात कासव, मगर, सरडा, अजगर यांच्यासोबत धनेश येतो. म्हणून नुसती चोच बघून आपल्याकडचे शकुन-अपशकुन त्याच्यावर लादू नका, तिथे त्याचा अर्थ वेगळ्याच मुळातून आलाय.

आता मूर्ती जरा जवळून बघा. समोरून बघितलं तर फक्त चोच आणि पसरलेले फळीसारखे पंख दिसतात, खरी गंमत बाजूने बघताना कळते. मी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये असाच एक उंच पक्षी बघितला तेव्हा बराच वेळ बाजूलाच उभा होतो, डोक्यापासून निघालेली चोच खाली खाली येते आणि गरोदर बाईसारख्या फुगलेल्या पोटाला येऊन भिडते. चोच पुरुषाची, पोट बाईचं, आणि दोन्ही एकाच शरीरात, म्हणजे वंश पुढे चालायला जे दोघं लागतात ते इथे एकच झालेत. नेटवर बहुतेक ठिकाणी 'प्रजननाचा पक्षी' एवढं लिहून विषय संपवतात, ते चूक नाही पण मला अर्धवट वाटतं, कारण हा पक्षी नुसत्या मुलंबाळं होण्याबद्दल नाहीये, ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाण्याबद्दल पण आहे.

ते कळायला पोरो माहीत हवं. पोरो ही पुरुषांची दीक्षेची संस्था, मुलगा लहानपणी आत येतो आणि टप्प्याटप्प्याने वर जात पूर्ण व्हायला वीसेक वर्षं लागू शकतात. हे सगळं गावाजवळच्या राखलेल्या झाडीत चालतं, तिला सिन्झांग म्हणतात, आपल्या देवराईची आठवण येते. आणि पुरुषांची संस्था असली तरी तिची मालकीण एक म्हातारी आई आहे, कात्येलेओ, दीक्षा घेणारी सगळी पोरं तिची लेकरं, ती त्यांना ज्ञानाचं दूध पाजते अशी कल्पना. आता या मोठ्या पक्ष्याची नावं बघा, एक आहे कासिंगेले म्हणजे पहिला पूर्वज, दुसरं पोरोपिआ नॉन्ग म्हणजे पोरोच्या लेकराची आई. (साधं सेजेन म्हटलं की नुसता पक्षी.) हे दुसरं नाव कळल्यावर ते फुगलेलं पोट मला एकदम वेगळं दिसायला लागलं, त्या पोटात अख्खी पुढची बॅच आहे!

दीड मीटरपर्यंत उंच पक्षी असतात आणि काहींच्या बैठकीला खालून पोकळी असते, म्हणजे दीक्षेच्या समारंभात तो डोक्यावर घेऊन चालायचं, पंखांना भोकं असतात त्यात दोऱ्या ओवून तोल सांभाळायचा. एवढं ओझं डोक्यावर घेणं हीच एक परीक्षा असणार असं मला वाटतं.

तुमचा पक्षी खरा जुना आहे का, हा प्रश्न राहिला. १९५० च्या सुमारास त्या भागात मासा नावाचा पंथ पसरला, जुन्या मूर्ती टाकून द्या असं तो सांगायचा, तेव्हा झाडीतल्या कितीतरी मूर्ती बाहेर आल्या आणि मिशनरी, व्यापारी यांच्या हातून युरोप-अमेरिकेत गेल्या. १९६३ ला न्यूयॉर्कमध्ये कलेचे अभ्यासक रॉबर्ट गोल्डवॉटर यांनी सेनुफो शिल्पांचं मोठं प्रदर्शन केलं, मग मागणी अजूनच वाढली आणि कोरोगो शहरातले कुलेबेले कारागीर, जे पिढ्यानपिढ्या लाकूडकामच करतात, विक्रीसाठी पक्षी घडवायला लागले. तुमचा बहुतेक त्यातलाच असणार. पण म्हणून त्याला नकली म्हणू नका प्लीज, ज्या समाजाचे कारागीर पोरोसाठी मूर्ती घडवत आले त्यांचंच ते काम आहे, फक्त तो झाडीत गेलेला नाही.

तरी एकदा उलटा करून बघा. खाली पोकळी आहे का, असेल तर आतली कड डोक्याच्या घासण्याने गुळगुळीत झालीय की ताज्या पटाशीच्या खुणा तशाच आहेत, पंखांच्या भोकांना दोरीने झिजवलंय का. पॉलिश वगैरे अजिबात लावू नका, कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि पावसाळ्यात भिंतीपासून लांब ठेवा, वाळवी लागली की संपलं. आणि ठेवताना भिंतीकडे पाठ करून नको, थोडा बाजूला वळवून उभा ठेवा, म्हणजे आजींना चोच आणि पोट दोन्ही दिसेल. बैठकीचा खालून फोटो काढून टाका, मग अजून सांगता येईल.