होडीच्या बिल्ज पंपासाठी (तळातले पाणी उपसणाऱ्या पंपासाठी) घरी बनवलेला स्विच

प्रश्न : बेलापूरजवळ दिवाळे येथे माझी लहान फायबरची होडी नांगरलेली असते. पावसाचे पाणी उपसण्यासाठी १२ व्होल्टचा पंप बसवला आहे. परंतु त्याच्या फ्लोट स्विचमध्ये (पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटने चालू-बंद होणाऱ्या स्विचमध्ये) गाळ आणि जाळ्याचे धागे अडकतात. एकदा तो चालू स्थितीतच अडकला आणि सकाळपर्यंत बॅटरी उतरली. घरी भरवशाचा स्विच करता येईल का?

उत्तर : येईल. आपल्या स्विचची बिजागरी गाळात उघडी आहे आणि बहुधा पंपाचा सगळा प्रवाहही त्यातूनच जातो. त्याऐवजी पाण्याच्या टाकीसाठी मिळणारे, दांड्यावर वरखाली सरकणाऱ्या फ्लोटचे दोन छोटे सेन्सर घ्यावेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ते मिळतात. फ्लोटमध्ये चुंबक आणि दांड्यात काचेत बंद असलेला रीड स्विच (चुंबक जवळ आल्यावर पातळ पत्त्या जुळणारा स्विच) असल्याने खारे पाणी आतल्या पत्त्यांपर्यंत पोहोचत नाही. मात्र तो जेमतेम अर्धा अँपिअर पेलतो, म्हणून त्यावर पंप न चालवता मोटारगाडीचा १२ व्होल्टचा रिले (कॉइलमधल्या लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) चालवावा.

दोन्ही सेन्सर फ्लोट वर गेल्यावर जोडले जाणारे हवेत. उलट वागत असतील तर फ्लोट काढून उलटा बसवावा. वरच्या सेन्सरमधून बॅटरीचा धन प्रवाह रिलेच्या कॉइलला द्यावा. खालच्या सेन्सरमधूनही तो कॉइललाच द्यावा, मात्र रिलेतून पंपाकडे जाणाऱ्या तारेतून घेऊन, म्हणजे एकदा सुरू झालेला पंप पाणी खालच्या फ्लोटखाली उतरेपर्यंत थांबत नाही. कॉइलच्या दोन टोकांदरम्यान १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), त्यावरील पट्टीचे टोक धनाकडे ठेवून, अवश्य लावावा. नाहीतर रीडच्या पत्त्या चिकटतात.

खरी मेख उंचीत आहे. पंप हाताने चालवून तो हवा ओढू लागतो त्या पातळीवर खूण करावी आणि खालचा फ्लोट त्याच्या दोन बोटे वर ठेवावा. तो त्याखाली राहिला तर पंप कोरडाच फिरत राहील आणि बॅटरी पुन्हा उतरेल. पंप थांबल्यावर नळीतले पाणी परत तळात येते (२५ मिलिमीटर व्यासाच्या २ मीटर नळीत सुमारे १ लिटर मावते), त्यामुळे तेवढ्याने वरचा फ्लोट उचलला जाणार नाही इतके अंतर दोहोंत हवे.

सेन्सर खाली भोके आणि वर हवेसाठी छिद्र पाडलेल्या ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपात ठेवावेत. होडी डोलली तरी आतले पाणी फारसे हिंदकळत नाही. फ्यूज बॅटरीलगत बसवावा. रिलेत ठिणगी पडते, म्हणून तो उंचावर, बंद डबीत आणि पेट्रोलच्या टाकीपासून लांब असावा.