अठराव्या शतकात व्हर्जिनियाच्या सरहद्दीवर राहिलेल्या घराण्याचा मूळ पुरुष कसा शोधायचा?

तुमच्या सासरचा मूळ पुरुष जॉन १७५०च्या सुमारास अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या ऑगस्टा काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येऊन राहिला. इंटरनेटवरच्या प्रत्येक वंशावळीत त्याचे वडील मात्र निराळे आहेत. त्यातले खरे कोणते, असं तुम्ही विचारलंय. माझी लेक त्याच भागातल्या घराण्यात दिली आहे आणि जावयांच्या पूर्वजांच्या निमित्ताने मी ही दप्तरं पुष्कळ चाळली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या सगळ्या वंशावळी आधी बाजूला ठेवा. एकाने अंदाज बांधायचा, दुसऱ्याने तो उचलायचा आणि तिसऱ्याने दोघांकडे बोट दाखवायचं, असंच तिथे बहुतेक वेळा झालेलं असतं. सासऱ्यांपासून सुरुवात करा आणि एकेक पिढी कागदानिशी मागे जा.

सरहद्दीवर, म्हणजे तेव्हाच्या वसाहतीच्या कडेला, जन्ममृत्यूच्या नोंदी जवळजवळ नव्हत्याच. घराणं प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) असेल तर रेव्हरंड जॉन क्रेग यांची १७४० ते १७४९ मधल्या बाप्तिस्म्यांची यादी जरूर बघा. १७९०च्या पहिल्या जनगणनेतले व्हर्जिनियाचे कागद नष्ट झाले. मग उरते जमीन, आणि खरा माल तिथेच आहे. गावाकडे फेरफार वाचून वारस लावायची सवय असेल, तर हे काम तुम्हाला परकं वाटणार नाही.

व्हर्जिनियात तेव्हा ज्येष्ठाधिकार होता. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जायची. १७८५च्या कायद्याने ही पद्धत बंद झाली. त्यामुळे जुन्या खरेदीखतात विकणाऱ्याच्या नावापुढे ‘अमक्या मयताचा ज्येष्ठ पुत्र व वारस’ असं लिहिलेलं सापडतं. बापलेकाचं नातं सांगणारा याहून भक्कम कागद त्या काळात क्वचितच मिळेल. आणि मृत्युपत्रात थोरल्याचं नाव नाही म्हणून तो मुलगा नव्हताच, असं धरू नका. त्याचा वाटा त्याला आधीच मिळालेला असू शकतो.

एका नावाचे दोन-तीन जॉन एकाच खोऱ्यात असणारच. नावामागे ‘सीनियर’, ‘ज्युनियर’ दिसलं की बापलेक समजू नका. नातं नसलेल्या दोघांपैकी वडीलधारा कोण, एवढंच ते पुष्कळदा दाखवतं. आमच्याकडे दोन जॉन वेगळे झाले ते सहीवरून. एकाला लिहिता येत होतं, दुसरा नावाच्या मधोमध उलट्या सात आकड्यासारखी खूण करायचा आणि कारकुनाने ती खूण प्रत्येक नकलेत तशीच काढली होती. दस्तावरची बायकोची नावंही जुळवून बघा, कारण नवऱ्याने जमीन विकताना बायको आपला हक्क सोडून द्यायची. साक्षीदार आणि चतुःसीमेतले शेजारीही टिपून ठेवा. ही माणसं पेन्सिल्व्हेनियातून ग्रेट वॅगन रोड या गाडीरस्त्याने आली ती बहुधा सोयऱ्याधायऱ्यांसह. जॉनचा माग तुटला तर शेजाऱ्याचा धरा, तो तुम्हाला जॉनच्या मागच्या गावी नेईल.

जॉन दप्तरातून अचानक गायब झाला, तर तो कुठे गेला हे शोधण्याआधी काउंटी कधी बदलली ते बघा. ऑगस्टा १७३८ साली कायद्याने झाली, पण तिचं कोर्ट १७४५ला सुरू झालं. त्याआधीचे कागद ऑरेंज काउंटीत आहेत. १७७०मध्ये ऑगस्टातून बॉटेटॉट निघाली, १७७२मध्ये तिच्यातून फिनकॅसल, आणि फिनकॅसल तर चारपाच वर्षांतच मोडली. माणूस एकाच घरात बसून तीन काउंट्यांचा रहिवासी व्हायचा. ऑगस्टाच्या कोर्टाचं स्टँटनमधलं दप्तर सुदैवाने वाचलं आहे. लायमन चॉकलींनी त्याचे सारांश १९१२-१३मध्ये तीन खंडांत छापले. पण त्यांत चुका आणि गाळलेल्या जागा आहेत, म्हणून सारांशावर थांबू नका, मूळ पान बघा. १७५२पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलायचं, हेही तारखा लावताना लक्षात असू द्या.

१७८२पासूनच्या करयाद्या ओळीने लावल्यात तर मुलगा सोळाव्या वर्षी बापाच्या नावाखालच्या आकड्यात येतो आणि एकविसाव्या वर्षी स्वतःच्या नावाने उभा राहतो. घरातलं कुणी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलं असेल तर पेन्शनचे कागद काढाच. १८३२च्या कायद्याखाली म्हाताऱ्या सैनिकांना जन्म कुठे, कधी आणि नंतर कुठेकुठे राहिलात, हे कोर्टात सांगावं लागे. काही विधवांनी तर लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलचं पानच फाडून पाठवलं. ती पानं आजही त्या फायलींत आहेत.

एक विनंती आहे. करयाद्यांत आणि मृत्युपत्रांत गुलाम म्हणून ठेवलेल्या माणसांची नावं, गुरंढोरं आणि भांड्यांच्या रांगेत, भेटतील. ती वगळू नका, उतरवून घ्या आणि तुमच्या वंशावळीसोबत जाहीर ठेवा. त्यांचे वंशजही आपली माणसं शोधताहेत आणि त्यांच्यासाठी कित्येकदा तेवढी एकच ओळ उरलेली असते.

डीएनए करायचं तर सासऱ्यांची वाय-डीएनए चाचणी करा. ती फक्त बापाकडून मुलाकडे जाणारी रेषा दाखवते. आईबाप दोघांकडचा वारसा दाखवणारी साधी (ऑटोसोमल) चाचणी सातआठ पिढ्यांमागे फारशी पोचत नाही. वंशावळींतल्या निरनिराळ्या ‘वडिलां’च्या आजच्या पुरुष वंशजांशी निकाल ताडून बघितलात, तर निदान एकदोन नावं कायमची बाद होतील.

जॉनच्या पहिल्या दस्तात कोणत्या ओढ्याचं नाव आहे ते कळवा. त्यावरून त्याचे शेजारी शोधायला मी मदत करेन.