खिळा वर राहतो आणि लाकडावर चंद्रकोर उमटते: पंच कोणता घ्यावा?

तुमची अडचण थोडक्यात अशी: ओकच्या फळ्यांचं फ्लोअरिंग, भिंतीलगतच्या शेवटच्या दोन रांगांत खिळे मारायचं मशीन मावत नाही म्हणून खिळे हाताने ठोकताय. डोकी वर राहतात, ती आत घालायला गेलं की भोवती हातोडीचे चंद्रकोरीसारखे वळ पडतात. आता पंच (खिळ्याच्या डोक्यावर टेकवून वरून हातोडी मारायची छोटी पोलादी दांडी) घ्यायचा, तर स्प्रिंगवाला महाग घेऊ का, असं विचारताय.

नका घेऊ. निदान आधी तो नको. स्प्रिंगच्या पंचात दोन दांड्या एका स्प्रिंगने जोडलेल्या असतात. एक मागे ओढून सोडली की ती दुसरीवर आपटते. हातोडी फिरवायला जागाच नसते अशा कोपऱ्यात तो कामाचा आहे. पण ओकसारख्या कडक लाकडात एका फटक्यात खिळा पुरेसा आत जात नाही, तीन-चार वेळा ओढावं लागतं, आणि दर वेळी टोक केसभर सरकतं. मग एका खिळ्याभोवती तीन खळगे.

साधे सुटे पंच घ्या, तीन मापांचे. बाजारात ते इंचात मिळतात: १/३२, १/१६, ३/३२ आणि १/८. पहिला बारीक टाचण्यांसाठी आहे, फ्लोअरिंगला लागत नाही, सोडून द्या. उरलेल्या तिघांतून निवडताना एकच बघायचं: पंचाचं टोक खिळ्याच्या डोक्यापेक्षा किंचित लहान हवं. तुम्ही अडीच इंची फिनिशिंग खिळे वापरत असाल तर त्यांची दांडी साधारण अडीच मिलिमीटर आणि डोकं साडेतीनच्या आसपास असतं. त्याला ३/३२, म्हणजे जवळजवळ २.४ मिलिमीटरचा पंच बरोबर बसतो. माझी पहिली खोली मी हाताशी होता त्या जाड पंचाने उरकली. टोक डोक्यापेक्षा मोठं, त्यामुळे खिळ्याबरोबर भोवतालचं लाकूडही चेपत गेलं. पॉलिश झाल्यावर जमिनीवर देवीचे व्रण दिसावेत तशी ती खोली दिसायची. उलट टोक फारच बारीक असेल तर ते डोक्यावरून घसरून शेजारी घुसतं.

टोक बोटाने चाचपून घ्या. मधे बारीक खळगी असेल तर तो पंच घ्या. खळगीच्या कडा डोक्याला धरून ठेवतात. सपाट टोकाचा पंच चौकोनी डोक्याच्या, कापून केलेल्या खिळ्यांना चांगला, गोल डोक्यावर तो निसटतो. अंग चौकोनी किंवा खरबरीत असलं तर बरं, घामेजल्या हातात फिरत नाही आणि जमिनीवर ठेवला तर गडगडत जात नाही.

हातोडी साधारण ४५० ग्रॅमची, गुळगुळीत तोंडाची. तोंडावर जाळीची नक्षी असलेली हातोडी सांगाड्याच्या कामाची, इथे नको. हलक्या हातोडीने आठ फटके मारावे लागतात आणि आठांतला एक हमखास चुकतो.

तरी खरं सांगायचं तर तुमच्या चंद्रकोरींना पंच किंवा हातोडी जबाबदार नाही. तुम्ही भोक न पाडता ठोकताय, हे तुमच्या फोटोतल्या वाकलेल्या खिळ्यांवरून कळतं. अडीच मिलिमीटरच्या दांडीला २ मिलिमीटरचं बिट लावून आधी भोक पाडा. खिळ्याला मेणबत्तीचं मेण चोळा. साबण नको, तो ओल धरतो, खिळा गंजतो, आणि ओकमधलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळा डाग देतं. मग हातोडीने डोकं पृष्ठभागापासून तीन-चार मिलिमीटर वर राहील इतकंच ठोका आणि थांबा. इथे थांबायचं जिवावर येतं, अजून एक फटका मारावासा वाटतो. चंद्रकोर त्याच फटक्याची असते.

आता पंच. अंगठा आणि दोन बोटांत धरा, करंगळीची कड फळीवर टेकवा, म्हणजे हात हलत नाही. पहिला फटका हलका, नुसतं टोक बसवायला. मग दोन जोरकस. खिळा आत जाताना आवाज टणटणीत असतो. डोकं लाकडात बुडालं की तो एकदम बसका होतो. कानाला हे दहाव्या खिळ्यापर्यंत कळायला लागतं, म्हणून ते दहा खिळे टाकाऊ तुकड्यात मारा. दोन-अडीच मिलिमीटर आत गेलं की पुरे.

फळीच्या जिभेतून (कडेची पुढे आलेली पट्टी, जी शेजारच्या फळीच्या खाचेत बसते) तिरका, ४५ अंशात खिळा मारायचा असेल तिथे पंचाशिवाय गत्यंतर नाही. शेवटचे फटके हातोडीने मारले तर फळीची वरची कड चेपते, आणि ती पुढच्या फळीशी कधीच नीट मिळत नाही. डोकं किंचितही वर राहिलं तरी पुढच्या फळीची खाच त्यावर अडते. लोक फळीला दोष देतात, ठोकून ठोकून ती फोडतात. आधी बोट फिरवून डोकं लागतंय का बघा.

चष्मा घाला. पंचाचं वरचं तोंड मार खाऊन छत्रीसारखं पसरलं असेल तर ग्राइंडरवर घासून घ्या, त्या कडांचे कपचे उडतात. आणि सँडिंग मशीन आणण्याआधी प्रत्येक डोकं आत गेलंय याची खात्री करा. एक वर राहिलेलं डोकं मशीनचा घासकागद फाडतं, ते परवडलं. पण डोक्यावर घासून उडालेली ठिणगी भुशाच्या पिशवीत गेली तर ती आत धुमसत राहते.

भोकं भरायची घाई करू नका. ओकची छिद्रं मोठी असतात, कोऱ्या लाकडावर लांबी (भोकं बुजवायचा लगदा) लावली तर ती भोवताली शिरून कडं दिसतं. सीलरचा (लाकडाची छिद्रं बंद करणाऱ्या लेपाचा) पहिला हात देऊन, तो वाळल्यावर भरा. भिंतीला अगदी लागून असलेले खिळे स्कर्टिंगखाली झाकले जाणार असतील तर तेही करू नका.