संघात लांब फटके मारणारे नसतील तर बेसबॉलमध्ये बंट आणि स्टीलवरच खेळावं का?

इंदूरला शाळेच्या मुलांचा संघ मी काही वर्षं सांभाळला. क्रिकेटच्या निवडीतून उरलेली पोरं आमच्याकडे यायची, त्यामुळे तुमची अडचण घरचीच वाटली. पण 'बंटवरच' (बॅट न फिरवता चेंडू हळूच जवळ ढकलून रनरला पुढे सरकवणं) किंवा 'स्टीलवरच' (चेंडू टाकला जात असतानाच रनरने पळून पुढचा बेस चोरणं) असं मोसमाच्या सुरुवातीला ठरवून टाकू नका.

पहिला रनर फर्स्ट बेसवर पोचला की आपले कोच लगेच बंटची खूण करतात. अमेरिकेतल्या व्यावसायिक मेजर लीगचे आकडे मात्र वेगळंच सांगतात. शून्य आउट आणि रनर फर्स्टला असेल तर त्या इनिंगमध्ये पुढे सरासरी 0.85च्या आसपास धावा होतात. बंट जमला, रनर सेकंडला गेला, एक आउट झाला, की हाच आकडा 0.7च्या खाली येतो. शेवटच्या इनिंगला बरोबरी आहे, रनर सेकंडला आहे, शून्य आउट आहेत आणि एकच धाव हवी आहे, तिथे बंट कामाचा. बंटने रनर थर्डला गेला की तिथून खोल झेलावरही धाव निघते. किंवा बॅटर दर वेळी स्ट्राइकआउटच (तीन स्ट्राइक पडून बाद) होणारा असेल तर.

मी एकदा चांगल्या फॉर्ममधल्या मुलाला बंट सांगितला. "सर, मुझसे बंट करवाओगे?" असं म्हणत गेला, चेंडू टाकणाऱ्या पिचरच्याच हातात उडवला आणि पुढे पळालेला रनरही परतताना आउट. पोराचंच बरोबर होतं.

स्टीलसाठी स्टॉपवॉच घ्या. पिचर हलल्यापासून चेंडू बॅटरच्या मागे बसलेल्या कॅचरकडे पोचेपर्यंतचा वेळ आणि कॅचरचा सेकंडपर्यंतचा थ्रो, ही बेरीज करा; रनरला तेवढ्या वेळात सेकंड गाठायचा असतो. मोठ्या लीगमध्ये ती साधारण 1.3 अधिक 2 सेकंद भरते. आमच्याकडे नुसता कॅचरच अडीच सेकंद घ्यायचा, मग बेताचा पळणाराही सुखरूप. इनिंगच्या आधी पिचरच्या सरावाचा शेवटचा चेंडू कॅचर सेकंडला फेकतो, तेव्हाच मोजून घ्यायचं. चारांत तीनदा जमेल असं वाटत नसेल तर रनरला जागेवर ठेवा.

सेंट लुइस कार्डिनल्स 1985 साली फक्त 87 होमरन मारून, पण 314 बेस चोरून वर्ल्ड सिरीजला, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम लढतीला पोचले. उलट बाल्टिमोर संघाचे मॅनेजर अर्ल वीव्हर बंटच्या वाटेला फारसे जात नसत, बेस भरायचे आणि होमरनची वाट बघायची. माणसं तशी होती म्हणून दोघांचं जमलं. आमच्या इंदूरच्या फटकेबाज क्रिकेटपटू मुश्ताक अलींना क्रीझमध्ये बांधून ठेवून काय मिळालं असतं?

तुमच्या संघाला सगळ्यात जास्त धावा बहुधा वॉकमधून (चार चेंडू स्ट्राइकच्या पट्ट्याबाहेर, म्हणजे 'बॉल' पडले की बॅटरला फुकट मिळणारा फर्स्ट बेस) मिळतील. शालेय पिचरला सलग स्ट्राइक टाकणं जड जातं, आणि क्रिकेटमधून आलेली पोरं बाहेरचा चेंडू दिसला की कट मारायला हात घालतात. ती खोड मोडायला मला पूर्ण एक मोसम लागला. सरावात दहा मिनिटं बॅट खांद्यावरच ठेवून, प्रत्येक चेंडूला नुसतं 'स्ट्राइक' की 'बॉल' एवढंच ओरडायला लावायचो. पोरं जाम वैतागायची.